सात कवड्यांची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची? कला महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

मा. प्राचार्य, संस्थाचालक, अभ्यास मंडळांचे सदस्य, आणि ग्रंथालय समितीवर नाव आहे पण मीटिंगच्या सहीपुरतेच भेटता अशा सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या आर्ट्स-कॉमर्स कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते फक्त आमच्याकडचं नाहीये, तुम्ही आपापल्या कॅम्पसवर एक चक्कर मारलीत तर बहुतेक तेच दिसेल. मागच्या वर्षी मी पूजेच्या सामानाच्या दुकानातून सात कवड्या आणल्या. बिल झालं सत्तर रुपये. आणि त्या सात कवड्यांची नोंद कुठे करायची यावर आमच्याकडे तीन आठवडे कागद फिरला. ऑफिस म्हणालं डेडस्टॉकला लावा. हेडक्लार्क म्हणाले डेडस्टॉक म्हणजे टेबल, खुर्ची, पंखे, या कवड्या कन्झ्युमेबलमध्ये घ्या. मी म्हटलं कन्झ्युमेबल म्हणजे संपणारी वस्तू, खडू संपतो, कवडी कुठे संपते? मग कोणीतरी सुचवलं की खेळायच्या आहेत ना, तर जिमखान्याला द्या, कॅरम आणि बुद्धिबळ तिकडेच असतात. शेवटी फाईल फिरून माझ्याच टेबलावर, की तुमच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेली पुस्तकं चढवतात त्या रजिस्टरात, घ्या. आता दाखल नोंदवहीत रकाने असतात लेखक, प्रकाशक, पृष्ठं. लेखकाच्या रकान्यात 'समुद्र' लिहावं असं एकदा मनात येऊन गेलं, लिहिलं नाही, ऑडिटर विनोदी असेलच असं नाही.

हसू येतंय ना, मलाही आता येतं. पण माझं सगळं म्हणणं त्या फाईलमध्येच आहे. आपल्याकडे पुस्तकाचं रजिस्टर वेगळं, वस्तूचं वेगळं, खेळाचं वेगळं. तीन रजिस्टरं, तीन किल्ल्या, तीन इन्चार्ज. आणि बी.ए.च्या पोरांना त्यातली एकच किल्ली मिळते, ती पण सकाळी अकरा ते पाच.

कवड्या कशाला हव्या होत्या ते सांगतो. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओई (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) असे सगळे कप्पे आले, ते भरायला विषय कमी पडायला लागले, तेव्हा मी आणि मराठीच्या एका मॅडमनी मिळून दोन क्रेडिटचा 'खेळ' नावाचा पेपर सुचवला. स्टाफरूममधली पहिली प्रतिक्रिया होती, "म्हणजे पीटी का?" नाही सर, पीटी नाही. खेळ वाचायचा, त्याचे नियम गोळा करायचे, तो हाताने बनवायचा, खेळायचा, आणि मग त्यावर लिहायचं.

पहिलाच खेळ घेतला चल्लस-आठ. कोणी अष्टाचम्मा म्हणतं, कोणाकडे अजून काही नाव. पाच बाय पाच घरांचा पट, खडूने फरशीवर काढता येतो. कवड्या सात आणल्या होत्या त्या पुढे पचिशीसाठी, चल्लसला चारच लागतात, पण आम्ही आधी चिंचोके घेतले. चिंचोका फरशीवर घासून एक बाजू पांढरी करायची, ज्यांनी लहानपणी केलंय त्यांना बोटाला बसलेला चटका आठवेल. चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ, आणि दोन्ही वेळा परत खेळायला मिळतं. मी फळ्यावर लिहून दाखवलं की चार चिंचोक्यांच्या एकूण शक्यता सोळा, त्यात सगळे पांढरे एकदाच, सगळे काळे एकदाच, आणि दोन-दोन सहा वेळा. पोरं म्हणाली, बघू. बसून शंभर-शंभर वेळा टाकले, वहीत रेघा ओढल्या, आणि हिशोब जुळेना. का जुळेना? कारण चिंचोक्याची घासलेली बाजू सपाट, पाठ गोल, तो नाण्यासारखा थोडाच पडतोय. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली ही पोरं, एका दुपारी संभाव्यतेवर भांडत होती, आणि भांडणात एकाने खिशातून पॉलिश पेपर काढला. बापाचं सुतारकाम आहे त्याच्या. दोन्ही बाजू सारख्या करून आणतो म्हणाला.

त्याला मी म्हटलं, अरे आपल्याकडे लॅब आहे ना, तिकडे जाऊन कर. आणि तिथे सगळं अडलं.

लॅब म्हणजे इनोव्हेशन लॅब, बाजूच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. थ्रीडी प्रिंटर आहे, सोल्डरिंगचं सामान आहे, अर्डुइनोचे, म्हणजे छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे, किट आहेत, काही अजून प्लॅस्टिकमधून काढलेले नाहीत. किल्ली एका सरांकडे, सर आठवड्यातून दोन दिवस असतात. प्रिंटरवर आजपर्यंत काय छापलंय हे विचारलं तर नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, पीअर टीम तपासणीला आली तेव्हा कॉलेजच्या लोगोची किचेन छापली होती. एकूण सहा. आणि आर्ट्सच्या पोरांनी तिथे का यावं असा प्रश्न मला अगदी प्रामाणिकपणे विचारला गेला, त्यात वाईट हेतू नव्हता, खरंच कोणाला वाटतच नव्हतं की बी.ए.वाल्याला ड्रिल मशीन लागू शकतं.

गंमत बघा. शाळेत सहावी ते बारावीसाठी सरकारने अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू जुळवून शिकायच्या प्रयोगशाळा, दिल्या, एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, अशा दहा हजार लॅब झाल्या, २०२५ च्या बजेटमध्ये अजून पन्नास हजारांची घोषणा झाली. म्हणजे नववीत ज्या मुलीने सेन्सर जोडून दिवा लावलाय ती एफ.वाय.बी.ए.ला येते तेव्हा तिच्या हातात आपण काय देतो? प्रश्नोत्तरांच्या नोट्स. हात बाहेर ठेवून यायचं वर्गात, चपला काढून देवळात जातात तसं.

आणि हे आपण कोणाच्या नावाने करतो, तर लिबरल आर्ट्सच्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिबरल आर्ट्सच्या संदर्भात बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथाचा आणि ६४ कलांचा उल्लेख आहे, तो परिच्छेद सगळ्या प्राचार्यांच्या भाषणात ऐकलाय मी. पण ती यादी कोणी काढून वाचली का? वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे (नाव घेतलं की स्टाफरूममध्ये खोकला सुरू होतो, असो). त्या यादीत पुस्तकवाचन आहे. तक्षण, म्हणजे सुतारकाम आहे. द्यूतविशेष म्हणजे जुगाराचे प्रकार आहेत, आकर्षक्रीडा म्हणजे फाशांचा खेळ आहे, आणि बालक्रीडनक म्हणजे लहान मुलांची खेळणी पण आहेत. वाचणं, लाकूड तासणं, फासे टाकणं, खेळणी बनवणं, सगळं एकाच यादीत बिनदिक्कत शेजारी शेजारी बसलंय. आपणच ते उचलून तीन इमारतींत नेऊन ठेवलं आणि मधे वॉचमन बसवला.

आता माझ्या खात्यातलं. दर १२ ऑगस्टला आपण रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो, ग्रंथपाल दिन, त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं म्हणून दाखवतो, फोटो काढतो, अहवालाला जोडतो. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. ग्रंथांचं वर्गीकरण कसं करावं हे डोक्यात घोळत होतं, आणि तिथल्या सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा सेट बघितला, तोच, लोखंडी पट्ट्या, चाकं आणि नट-बोल्टचा, त्याच त्या तुकड्यांतून दरवेळी वेगळी वस्तू जोडता येते. त्यावरून त्यांना सुचलं की विषय पण असेच तुकड्यांतून जोडता येतील. १९३३ मध्ये त्यांची ही वर्गीकरणाची पद्धत, कोलन वर्गीकरण, छापून आली. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा सगळ्यात मोठा शोध एका खेळण्याच्या काउंटरवर लागला, आणि आपण ग्रंथालयात खेळणं आणलं तर तीन आठवडे फाईल फिरते!

शिवाय ग्रंथालयात हाताचं काम नव्हतं असं कोण म्हणतं. मी लागलो तेव्हा दर उन्हाळ्यात बाइंडर यायचा, मागच्या खोलीत मैद्याची खळ शिजायची, पुठ्ठा, कापड, सुई-दोरा, पुस्तकं दाबायचा लाकडी प्रेस, महिनाभर त्याचा संसार तिथेच. पोरं डोकावायची, एखादा टाका घालायला शिकायची. मग बाइंडिंग बाहेर द्यायला लागलो, मागच्या खोलीत जुने पेपर आले, आता तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, उलट आमचा फूटफॉल, म्हणजे येणाऱ्यांचा आकडा, त्यांच्यामुळेच दिसतो. पण तो प्रेस अजून आहे. प्रिंटरच्या आधी मी त्यालाच मेकरस्पेस, म्हणजे हाताने वस्तू बनवायची जागा, म्हणतो.

बाहेरच्या देशातलं सांगायचं तर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल गावाच्या ग्रंथालयाने २०११ मध्ये मेकरस्पेस काढली. हेलसिंकीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये ऊडी ग्रंथालय उघडलं, तिथे शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर आणि गेम खेळायच्या खोल्या पुस्तकांच्याच इमारतीत. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे २००८ पासून व्हिडिओ गेमचा वेगळा संग्रह आहे, पोरं तिथे बसून जुने कन्सोल लावतात, खेळतात आणि पेपर लिहितात. पण मला तुम्हाला हेलसिंकी दाखवायचंच नाहीये, तुम्ही लगेच बजेट विचाराल.

मला पाबळ दाखवायचंय. शिरूर तालुक्यातलं. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणाऱ्या डॉ. श्रीनाथ कलबागांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, शाळेत न रमलेल्या पोरांना काम करता करता शिकवायला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्डनी फॅब लॅब, म्हणजे कोणालाही यंत्रं वापरून वस्तू बनवता येतील अशी छोटी कार्यशाळा, ही कल्पना काढली तेव्हा एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये कुठे झाली, तर पाबळला. एमआयटीनंतर पाबळ! हे आपल्या कॉलेजांत किती जणांना माहितीये? कलबाग सरांनी आधी मशीन आणून मग पोरं शोधली नाहीत, गावात नडणारं काम आधी होतं, मशीन नंतर आलं. आपल्या लॅबमध्ये नेमकं हेच उलटं झालंय. मशीन आहे, करायला काम नाही, म्हणून किचेन.

आणि आर्ट्सच्या पोरांसाठी ते काम म्हणजे खेळ, असं माझं म्हणणं आहे. कादंबरी वाचून संपते. खुर्ची बनवून संपते. खेळ मात्र वाचल्याशिवाय बनत नाही, बनवल्याशिवाय खेळता येत नाही, आणि खेळल्याशिवाय तो वाचला असं म्हणताच येत नाही.

उदाहरणच घ्या. महाभारतातलं द्यूत शेंबड्या पोराला माहितीये. पण युधिष्ठिर नक्की खेळला काय, पट कसला, नियम काय, हे मी वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला विचारताना ऐकलं नव्हतं, मास्तरांना पण नाही. ऋग्वेदात दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यातले फासे म्हणजे बेहड्याच्या बिया. बेहडा आमच्या गावाबाहेरच्या रानात आहे. पोरांनी पिशवीभर आणल्या. आणि मग मॅडमनी सांगितलं की कृत, त्रेता, द्वापर, कली ही आधी फाशांच्या दानांची नावं, कृत सगळ्यात चांगलं, कली सगळ्यात वाईट, तीच युगांना मिळाली. वर्ग दोन मिनिटं गप्प होता. कलियुग म्हणजे हरलेला डाव! इतकी वर्षं हा शब्द प्रत्येकाच्या आजीच्या तोंडात होता आणि तो फाशांतून आलाय हे हातात बिया असताना कळलं.

सापशिडीचं तसंच. ज्ञानेश्वरांनी मोक्षपट केला असं परंपरा सांगते. त्यात शिडीला सद्गुणांची नावं, सापाला दुर्गुणांची, वर जाऊन मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाच खेळ इंग्लंडात गेला, तिकडच्या नीतीची नावं लागली, पुढे नावंही गळाली आणि उरले नुसते साप. आमच्या पोरांनी स्वतःचा पट केला, एफ.वाय.बी.ए.चा, सापांची नावं लिहू शकत नाही, एक-दोन तुमच्यापैकी कोणाला लागू पडतील. एसटी चुकली हा साप मात्र सगळ्यात लांब होता, थेट पहिल्या घरात.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, करून बघितली ती सगळ्यात अवघड. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून रंगवतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०, सगळी गोल. दिवसा खेळलं तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हे लक्षात ठेवता ठेवता पोरांना घाम फुटला. पुठ्ठ्याची १२० वर्तुळं कर्कटकाने आखून कापली, आणि मग कळलं की गोल पत्ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे पिसताच येत नाहीत, कपड्यावर पसरून कालवावे लागतात. हे कुठल्या पुस्तकात असेलही, पण त्या दिवशी त्यांनी ते स्वतः शोधलं. एक मुलगा म्हणाला सर लेझर कटर असता तर तासात झालं असतं. मी म्हटलं बरोबर आहे, आता तुला लेझर कटर कशाला लागतो ते तरी कळलं.

अर्थशास्त्राच्या सरांना मी व्यापाराचा पट दिला. आपला व्यापार ज्यावरून आला त्या मोनॉपॉलीच्या आधी लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने 'लँडलॉर्ड्स गेम' केला होता, १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि तिला दाखवायचं होतं की जमीन थोड्यांच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून कंगाल होतात. तोच खेळ पुढे जमिनी बळकावायची मजा म्हणून घराघरांत गेला. सर म्हणाले भाड्याचा नियम बदलून बघू. दोन तास बदलत होते, पुढचं लेक्चर बुडालं, पोरांनी तक्रार केली नाही.

माझं स्वतःचं काम तर वाढलंच. सारीपाट ड्यूईत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या वर्गीकरणात, कुठे ठेवायचा? ७९४ म्हणजे कौशल्याचे बैठे खेळ, ७९५ म्हणजे नशिबाचे. कवड्या नशिबाच्या, सोंगटी कोणती हलवायची ते कौशल्य. हा प्रश्न मी पोरांना परीक्षेत टाकला, पाच मार्कांना, आणि वीस वर्षांत मला कॉपी न केलेली उत्तरं पहिल्यांदा वाचायला मिळाली. एकीने लिहिलं होतं की आमच्या गल्लीत तो ७९४ आहे आणि मामाकडे ७९५, कारण मामाकडे पैसे लावतात.

पैशांवरून आठवलं. तुमच्यापैकी बरेच जण म्हणणार की आधीच पोरं मोबाईलवर गेम खेळून वाया चाललीत आणि हा माणूस त्याचा पेपर काढतोय. मान्य, आमच्याकडेही रमीच्या ॲपमध्ये घरचे पैसे घालवलेला मुलगा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, चांगलंच झालं. पण ॲप माणसाला धरून कसं ठेवतं, 'थोडक्यात हुकलं' असं परत परत का दाखवतं, रोज लॉगिन केल्यावर नाणी फुकट का देतं, हे खोलून बघणार कोण? मानसशास्त्राचा विभाग आपल्याकडे आहे की नाही? आमच्या पोरांनी कागदावर एक मुद्दाम चिकट खेळ बनवला, समोरच्याला उठूच द्यायचं नाही असा, आणि दुसऱ्या गटाने तो कसा धरून ठेवतो ते लिहून काढलं. रमीवाला मुलगा त्या गटात होता. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो.

मोबाईलवरही बनवता येतं. ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी घेतं, कोडिंग न येता फांद्या फुटणारी गोष्ट लिहिता येते. मराठीच्या मुलांनी गावच्या जत्रेची केली. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम काढला, त्यात पुराणकथा आहेत, पहाडी चित्रशैली आहे. तिथे इतिहास आणि चित्रकला कळणारा माणूस लागतोच की. प्लेसमेंट सेलला तेवढं सांगून ठेवा, तो शब्द आला की सगळे मान हलवतात म्हणून लिहिलं.

आता मागणं काय आहे. नवीन इमारत नको, उद्घाटन तर अजिबात नको. ती लॅबची किल्ली ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवा, पुस्तकासारखी ओळखपत्रावर मिळू दे. त्याहून बरं म्हणजे प्रिंटर आणि दोन टेबलं उचलून माझ्या मागच्या खोलीतच आणा, बाइंडिंग प्रेसच्या शेजारी, खोली मी रिकामी करून देतो. जिमखान्यातले धूळ खाणारे बुद्धिबळाचे सेट पण तिकडे द्या, कमी झालेले उंट-घोडे पोरं छापतील, एवढं काम तर त्या प्रिंटरला मिळेल. व्हेंडरचं 'कम्प्लीट सोल्युशन' चुकूनही घेऊ नका, त्या कोटेशनमध्ये खुर्च्यांची किंमत प्रिंटरपेक्षा जास्त असते, मी बघितलंय. ग्रंथपालाला पेपर शिकवू द्या आणि ते तास वर्कलोडमध्ये धरा, सध्या मी ते जेवणाच्या सुट्टीत करतोय. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास असतात, दोन क्रेडिटचे साठ, साठ तासांत एक सेमिस्टरभर एक खेळ नीट होतो. अभ्यास मंडळांनी फक्त एवढं करावं की मूल्यमापनात लेखी पेपरऐवजी खेळ आणि त्याची नियमपुस्तिका चालेल असं एक वाक्य टाकावं. नियमपुस्तिका लिहून बघा कधी, समोरच्याला काहीही न विचारता खेळता आलं पाहिजे अशी मराठी लिहायला निबंधापेक्षा जास्त घाम लागतो. आणि वस्तू हरवतील, मोडतील, हे आधीच धरून चला, पुस्तकं नाही का हरवत.

त्यावरून शेवटची एक अडचण. सात कवड्यांपैकी सध्या सहाच आहेत. सातवी एक एस.वाय.ची मुलगी आजीला दाखवायला घरी घेऊन गेली होती, आजीने नियम सांगितले, ते तिने चार पानं लिहून आणले, कवडी मात्र आजीने ठेवून घेतली. मार्चमध्ये साठा पडताळणी आहे. एका कवडीचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून नाव काढणं, कुठल्या नमुन्यात करायचं, आणि ती चार पानं त्याच दाखल क्रमांकाला लावली तर चालतील का, तेवढं कळवावं.

आपला,
एक ग्रंथपाल